चुकण्याआधी चुकलेलं विमान

विमान अजून अरबी समुद्रावर होतं, आणि वासंती चौगुले यांचं पुढचं विमान चुकलं होतं.

तसा निरोपच समोरच्या पडद्यावर आला. ‘प्रिय प्रवासी, आपले पुढील विमान चुकले आहे. आपल्यासाठी हॉटेलमध्ये विश्रांतीची व्यवस्था केली आहे. कृपया मान्य दाबा.’

वासंतीबाईंनी चष्मा पुसला आणि निरोप पुन्हा वाचला. खिडकीबाहेर उन्हात समुद्र चकाकत होता. आखातात उतरायलाच अजून तासभर होता. पुढचं विमान सुटणार त्याच्याही नंतर. जे विमान अजून जागचं हललंही नाही, ते चुकलं कसं?

“अहो,” त्यांनी शेजारी डुलकी घेणाऱ्या नवऱ्याला कोपराने हलवलं. “हे बघा की काय म्हणतंय.”

भूपालराव दचकून जागे झाले. त्यांनी आधी बायकोचा पडदा वाचला, मग स्वतःचा. त्यांच्या पडद्यावर लिहिलं होतं, ‘आपला पुढील प्रवास निश्चित आहे. शुभ प्रवास.’

तिकीट एकच होतं. सांगलीच्या घरात, एकाच टेबलाशी बसून, वासंतीबाईंनी स्वतः काढलेलं. पुण्याहून आखात, तिथून लिस्बन, आणि तिथून एका लहान विमानाने अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांपैकी एका बेटावर. सगळं विमान कंपनीने प्रवासाबद्दल दिलेल्या पॉइंटांवर. ते पॉइंट वासंतीबाईंच्या आयुष्यभराच्या कामाचे होते. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय पंच म्हणून त्या तीस वर्षं देशोदेशी हिंडल्या होत्या. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला, त्याला पट्ट्यांचा आधार बांधून त्या चालायच्या. स्पर्धेच्या सभागृहात मात्र दोनशे खेळाडू त्यांच्या एका नजरेने गप्प बसत.

पंचपण सोडल्यावर साठलेल्या पॉइंटांकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. लेकीच्या, चंदनाच्या लग्नाचं कळलं आणि त्यांनी ते सगळेच्या सगळे या एका प्रवासात ओतले.

चंदना ज्वालामुखींचा अभ्यास करणारी. एकेचाळीस वर्षांची. पहिलं लग्न भूपालरावांनी जुळवलं होतं, आपल्या एका मित्राच्या मुलाशी. ते तिने मोडलं तेव्हा बापलेकीत जे शब्द झाले, त्यानंतर दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आता ती त्या बेटावरच्या तियागो नावाच्या माणसाशी लग्न करणार होती. बायको वारलेला, पदरात दोन मुली असलेला. “तू जा,” भूपालराव म्हणाले होते. “मी येऊन काय करू?” वासंतीबाईंनी महिनाभर घरात अबोला धरला, तेव्हा ते कबूल झाले.

आणि आता, यायचं नसलेल्या माणसाचा प्रवास निश्चित होता, आणि जिला जायचं होतं तिचं विमान चुकलं होतं.

“हे पूर्वछायेचं काम दिसतंय,” भूपालराव म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. अशा गोष्टी ते वाचत असत.

“कुणाची छाया?”

“तुझीच.”

आणि त्यांनी समजावून सांगितलं. विमान कंपन्यांनी दोन वर्षांपूर्वी हे नवं तंत्र आणलं होतं. प्रवासी विमानतळावर पाऊल टाकतो तेव्हापासून कॅमेरे त्याची चाल टिपतात. पाऊल किती लांब पडतं, कुठे थांबतो, रांगेत किती वेळ लागतो, पाट्या वाचताना गोंधळतो का. त्यावरून संगणकाच्या आत त्या माणसाची एक प्रतिकृती तयार होते. माणूस विमानात बसलेला असतानाच ती प्रतिकृती पुढच्या विमानतळावर सोडली जाते. तो विमानतळही संगणकातलाच, पण जसाच्या तसा, गर्दीसकट. ती प्रतिकृती या दारापासून त्या दारापर्यंत चालून बघते. एकदा नाही, दहा हजार वेळा. प्रत्येक वेळी थोडा फरक करून. कधी लिफ्ट बंद, कधी तपासणीला गर्दी, कधी बुटाची नाडी सुटलेली. दहा हजारांतून किती वेळा ती वेळेवर पोचली, ते मोजायचं. झाला अंदाज तयार.

“म्हणजे फासे टाकल्यासारखं,” वासंतीबाई म्हणाल्या.

“अगदी. फक्त फासा तू आहेस.”

“आणि मी किती वेळा पोचले?”

भूपालरावांनी पडद्यावर बोट फिरवून तपशील उघडला. “शंभरात आठ वेळा.” मग त्यांनी आपला पडदा बघितला. “मी शंभरात शंभर.”

“पण त्यांना घाई कसली? मी पोचले नाही तर नाही पोचले. आधीच कशाला चुकवायचं?”

“जागा विकायला. पूर्वी कंपन्या अंदाजपंचे चार जास्तीची तिकिटं विकायच्या. सगळेच आले की दारात भांडणं व्हायची, आणि ज्याला उतरवलं त्याला भरपाई द्यावी लागायची. आता कोण येणार नाही ते नावासकट कळतं. आणि प्रवाशालाच उशीर झाला तर कायद्याने कंपनी काही देणं लागत नाही. शिवाय आपलं तिकीट पॉइंटांचं. अशा जागा विमानात मोजक्याच. एक विमान चुकलं की पुढची सगळी आपोआप रद्द, परतीचंसुद्धा. माळेचा दोरा तुटल्यासारखं. पुढची पॉइंटांची जागा...” त्यांनी बघितलं. “चार दिवसांनी.”

“लग्न परवा आहे.”

भूपालरावांनी पडद्यावरच्या तारखा पुन्हा चाळल्या.

“नवं तिकीट?”

“आजच्या आज काढायचं म्हटलं तर आपल्याला झेपणारं नाही, वासंती.” त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. आवाज मऊ होता, म्हणूनच पुढचं जास्त लागलं. “आठ टक्के फार कमी असतात. ही मॉडेलं वाईट नसतात. तू उगाच धावपळ करशील, पडशील. हॉटेलात आराम कर. मी पुढे जातो. लग्नाला आपल्यापैकी एक जण तरी असेल. तू मागून ये.”

वासंतीबाईंनी हात काढून घेतला.

“आठ म्हणजे शून्य का हो?”

“नाही. पण...”

“मग मला शून्यासारखं वागवू नका.”

पडद्यावर दोनच बटणं होती. ‘मान्य’ आणि ‘थोड्या वेळाने आठवण करून द्या’. अमान्य असं बटणच नव्हतं. वासंतीबाईंनी दुसरं दाबलं. पाच मिनिटांनी निरोप पुन्हा आला, त्यांनी पुन्हा दाबलं. मग हवाई सुंदरीला बोलावून त्यांनी सांगितलं, “मला उतरल्यावर चाकाची खुर्ची हवी.” तिने हातातल्या यंत्रात बघितलं आणि ओशाळून म्हणाली, “मॅडम, खुर्ची फक्त पुढचा प्रवास निश्चित असलेल्यांना मिळते.”

“म्हणजे ज्याला गरज नाही त्याला.”

ती मुलगी यंत्र छातीशी धरून पुढच्या रांगेकडे वळली.

विमान उतरलं तेव्हा वासंतीबाईंनी पायाचे पट्टे घट्ट केले, पर्स गळ्यात तिरकी अडकवली आणि काठी हातात घेतली. तो विमानतळ म्हणजे एक शहरच होतं. संगमरवरी जमीन, काचेचं छत, त्यातून गळणारं दुपारचं पांढरं ऊन. पुढच्या विमानाचं दार दुसऱ्या टोकाला. वर टांगलेल्या पाट्या होत्या, पण मान वर करून त्या वाचणारं कुणी नव्हतं. प्रत्येक जण आपल्या फोनवरच्या हिरव्या बाणामागून निघालेला.

वासंतीबाई चालू लागल्या. उजवा पाय, काठी, डावा पाय. भूपालराव त्यांच्या वेगाने शेजारी चालत होते. जरा अंतर गेलं आणि त्यांचा फोन गुरगुरला. त्यांनी बघितलं आणि खिशात टाकला. तो पुन्हा गुरगुरला.

“काय म्हणतोय?”

“काही नाही.”

“सांगा की.”

“म्हणतोय, आपली शक्यता घसरत आहे. कृपया वेग वाढवा.” त्यांनी घसा खाकरला. “नव्वदवर आली.”

माझ्यामुळे, वासंतीबाईंच्या मनात आलं. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, पण आपल्यासोबत चालण्याची किंमत अशी आकड्यात कुणी त्यांच्या कानाशी सांगितली नव्हती.

पुढे एक चौक आला. तिथे भूपालरावांच्या फोनवरचा बाण डावीकडे वळला. तिकडे सरकता पट्टा होता, त्याच्यापलीकडे तपासणीची छोटी, रिकामी रांग. वासंतीबाईंच्या फोनवरचा बाण मात्र उजवीकडे वळला होता. उजवीकडे लांबच लांब मार्गिका, त्याच्या टोकाला जिना, आणि तिथे माणसांची न हलणारी गर्दी.

दोघंही थांबले.

“दार तर एकच आहे आपलं,” वासंतीबाई म्हणाल्या. “मग वाटा दोन कशा?”

भूपालरावांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. दोन्ही वाटा त्यांनी बोटाने शेवटपर्यंत सरकवून पाहिल्या. वर्गात एखाद्या हुशार मुलाने फळ्यावरची चूक दाखवली की व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“तुझी छायासुद्धा याच वाटेने गेली असणार,” ते हळू म्हणाले. “दहा हजार वेळा. लांबच्या वाटेने, मोठ्या रांगेतून. म्हणून पोचली नाही. आधी तुला मागे टाकायचं ठरवलं, आणि मग तू मागे पडशील असं भाकीत केलं.” त्यांचा आवाज चढला. “हा अंदाज नव्हे, वासंती. हा बेत आहे. अंदाज बांधणाऱ्याने फासे टाकायचे असतात, बोटाने उलटवायचे नसतात!”

आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून बघितलं. वासंतीबाईंनी आपला फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

“तुम्ही पुढे जा,” त्या म्हणाल्या.

“मी? आता?”

“तुमची वाट उघडी आहे. मला तुमच्या वेगाने चालता येत नाही आणि तुम्ही माझ्या वेगाने चाललात तर दोघंही राहू. जा आणि त्या दाराशी उभे राहा. सांगा, माझी बायको येते आहे.”

“आणि नाही आलीस तर?”

“तर विमानात बसा. पण दार लागेपर्यंत मी नाही आले असं म्हणू नका.”

भूपालराव क्षणभर घुटमळले. मग सरकत्या पट्ट्यावर चढले आणि लांब ढांगा टाकत निघाले. त्यांनी वळून बघितलं नाही. पाठवलं आपणच होतं, तरी वासंतीबाईंना ते लागलं. हा माणूस आता विमानात बसणार, त्या मनाशी म्हणाल्या. त्याने आयुष्यात एक गाडी चुकवलेली नाही. बसेल, आणि मनातून वाईट वाटून घेईल, आणि तेवढ्याने त्याचं भागेल.

त्याही पट्ट्यावर चढल्या. पट्टा संपला तिथे काचेचं फाटक होतं, चेहरा बघून उघडणारं. पुढच्या माणसाला उघडलं, त्यांना उघडलं नाही. लाल दिवा लागला. बाजूच्या मेजाशी एक गणवेशातला तरुण बसला होता. तो उठून आला आणि इंग्रजीत म्हणाला, “आजी, तुमचं विमान चुकलंय. तुम्ही उजवीकडे जायला हवं.”

वासंतीबाईंनी पर्समधून छापलेलं तिकीट काढलं. त्यावर बोट ठेवलं. “हे विमान गेलं का?”

त्याने भिंतीवरच्या फलकाकडे बघितलं. “नाही.”

“दार बंद झालं?”

“अजून नाही. पण सिस्टिम म्हणते...”

“बाळ, मी बुद्धिबळाची पंच होते. समोरचा खेळाडू यायला उशीर झाला की आम्ही त्याचं घड्याळ सुरू करतो आणि वाट बघतो. त्याची गाडी बंद पडली असं कळलं, तो येणारच नाही असं दहा जणांनी सांगितलं, तरी घड्याळ संपल्याशिवाय त्याला हरलेला ठरवायचा अधिकार कुणालाही नाही. मलाही नव्हता. माझं घड्याळ अजून चालू आहे. तू थांबवणार का?”

तरुणाने तिकीट पाहिलं, त्यांचा पाय पाहिला, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग बाजूचं, हाताने उघडायचं लहान फाटक उघडलं. “लवकर जा,” तो म्हणाला.

त्यापुढचं अंतर वासंतीबाईंना नंतर कधी नीट आठवलं नाही. काखेत घामाची धार लागली होती, पायाचा पट्टा मांडीला कापत होता. एकदा काठी ओल्या फरशीवरून सटकली आणि त्या एका खांबाला धरून लटकल्या. कुणीतरी “बसा, बसा” म्हणालं. त्या बसल्या नाहीत. बसलं की उठायला वेळ लागतो, एवढं त्यांना पायाने शिकवलं होतं. दुकानं गेली, अत्तरांचा वास गेला, झोपलेली माणसं गेली. आणि मग शेवटच्या वळणावरून त्यांना त्यांचं दार दिसलं.

उघडं होतं. आणि दाराबाहेर, एका हातात पिशवी धरून, भूपालराव उभे होते.

ते विमानात बसले नव्हते. त्यांच्यासमोर गणवेशातली एक बाई हात बांधून उभी होती. छातीवरच्या बिल्ल्यावर ग्रेस असं नाव होतं. दोघांचा बराच वाद झालेला दिसत होता.

“ही बघा,” भूपालराव इंग्रजीत म्हणाले. “ही माझी बायको. शंभरात आठ.”

ग्रेसने वासंतीबाईंना आपादमस्तक पाहिलं. “मॅडम, मला खरंच वाईट वाटतं. पण तुमच्या जागेवर दुसरा प्रवासी बसलाय. विमान भरलंय. फक्त यांची जागा शिल्लक आहे, आणि मी यांच्यासाठी दार अडवून धरलंय. सर, आता आत चला.”

“मी वेळेवर आले,” वासंतीबाई म्हणाल्या.

“हो. आलात.”

“हे लिहून द्या.”

ग्रेसने भूपालरावांना पुन्हा आत जायची खूण केली.

भूपालरावांनी पिशवी खाली ठेवली. “मला एक सांगा. मी आत गेलोच नाही, तर माझी जागा कुणाची?”

“सर, तुम्ही इथे उभे आहात.”

“समजा नाही गेलो.”

“तर नियमाने दाराशी हजर असलेल्या पहिल्या प्रवाशाची, ज्याच्याकडे या विमानाचं तिकीट आहे.” बोलता बोलता ग्रेसच्या लक्षात आलं.

“मग मी जात नाही,” भूपालराव म्हणाले.

वासंतीबाईंनी त्यांचा दंड धरला. त्या मराठीत बोलल्या, दबल्या आवाजात, पण शब्दाशब्दात धार होती. “हे काय चाललंय तुमचं? ती माझी वाट बघत नाहीये. मी येणार हे तिला ठाऊक आहे. ती तुमची वाट बघतेय, दोन वर्षं. तुम्ही सुटका करून घेताय.”

“थोडीशी असेल,” भूपालराव म्हणाले. “खोटं नाही बोलत. पण वासंती, मी आत्ता या विमानात बसलो तर कसा पोचेन? तुला मागे टाकून. ती दारात उभी असेल आणि मी एकटा उतरेन, कारण मशीनने मला निवडलं. त्या पोरीला मी आधीच एकदा आकडेमोड करून वागवलंय. मुलगा चांगला, नोकरी चांगली, घर चांगलं, सगळं जमवून बघितलं आणि तिला विचारायचं विसरलो. पुन्हा तसा नाही जायचा मी तिच्यापुढे.”

“मग कसा जाणार?”

“माहीत नाही. पण येतो.”

“तुमचं परतीचं तिकीटही जाईल.”

“जाऊ दे की.”

ग्रेस घड्याळाकडे बघत होती. “सर, सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे शंभर टक्के आहे. मी काय नोंदवू? कारण काय देऊ?”

“कारण द्या, प्रवासी आला नाही,” भूपालराव म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते मान मागे टाकून हसले. पांढरे केस विस्कटलेला, घामाने भिजलेला तो सत्तरीचा प्राध्यापक उघड्या दारासमोर उभा राहून हसत होता. “दहा हजार वेळा आला म्हणावं. आज नाही आला.”

ग्रेसने हाताने नोंद केली. लिस्बनहून पुढचं तिकीटही पुन्हा चालू केलं. “मला याचा जाब विचारतील,” ती पुटपुटली.

“माझं नाव सांगा,” वासंतीबाई म्हणाल्या. “आणि पत्ताही द्या.”

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. पर्समधली खाकऱ्याची पुडी काढून त्यांच्या हातात कोंबली आणि त्या आत गेल्या.

बेटावर विमान उतरलं तेव्हा वारा इतका होता की जिन्यावर दोघांनी त्यांना धरून उतरवलं. कुंपणापलीकडे चंदना उभी होती, शेजारी उंच, टक्कल पडलेला तियागो आणि त्याच्या दोन मुली. चंदनाने आईला मिठी मारली, आणि मिठीतूनच तिची नजर आईच्या खांद्यामागे गेली.

“अप्पा?”

“विमान चुकवलं त्यांनी.”

“चुकलं?”

“चुकलं नाही गं. चुकवलं.”

चंदनाचा चेहरा मिटला. “यायचंच नसेल त्यांना. सांगायचं तसं.”

वासंतीबाईंनी गाडीत बसून सगळं सांगितलं. चंदना ऐकत राहिली. तियागोला इंग्रजीत सांगताना तिने दोन वेळा विचारलं, “अप्पा हसले? दाराशी उभं राहून?” पण विश्वास बसला असं तिने म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी लग्न झालं. समुद्राकडे तोंड केलेल्या एका छोट्या कचेरीत सह्या झाल्या, मग अंगणात वासंतीबाईंनी अक्षता टाकल्या आणि तियागोच्या मुलींनीही मूठमूठ उधळल्या. फोटोत चंदनाच्या डावीकडे एक जागा सुटली होती. ती मुद्दाम सोडली होती की तशीच राहिली, हे वासंतीबाईंनी विचारलं नाही.

भूपालरावांचे निरोप मधूनमधून येत. कधी एका शहरातून, कधी दुसऱ्या. जिथे स्वस्त जागा मिळेल तिथे ते जात होते. पूर्वछायेने आता त्यांना ‘अनिश्चित वर्तनाचा प्रवासी’ ठरवलं होतं, त्यामुळे कुठलीच कंपनी त्यांना लवकर जागा देईना. शेवटचा टप्पा त्यांनी शेजारच्या बेटावरून बोटीने केला.

बोट धक्क्याला लागली तेव्हा दुपार होती आणि समुद्र खवळलेला. उतारूंत सगळ्यात शेवटी भूपालराव दिसले. दाढी वाढलेली, सदरा मळलेला, तोंडाला कोरड पडलेली. आयुष्यात ते कधी बोटीत बसलेले नव्हते. धक्क्यावर पाय ठेवताच त्यांचा तोल गेला आणि ते दोर बांधायच्या लोखंडी खुंटावरच बसले. चंदना त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“उशीर झाला मला,” ते म्हणाले.

“विमानाचं म्हणताय?”

“नाही.”

चंदना खाली बसली. तिने त्यांच्या बुटाच्या ओल्या, सुटलेल्या नाड्या बांधल्या. मग त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. सत्तरी गाठलेला तो माणूस बोटीने मळमळतंय म्हणून रडतोय असं सांगत तिच्या कुशीत रडला.

दोन दिवसांनी कंपनीचा फोन आला. मंडळी जेवायला बसली होती. बोलणारी मुलगी मराठी होती, फार आदबीने बोलत होती. दोघांचा परतीचा प्रवास कंपनी पुन्हा सुरू करणार होती. खर्च झालेले सगळे पॉइंट परत, वर तेवढेच आणखी. फक्त एका निवेदनावर संमती हवी होती, की जागेचा बदल प्रवाशांनी आपसात, आपल्या सोयीसाठी केला.

“आणि मी वेळेवर पोचले होते, हे त्यात आहे का?” वासंतीबाईंनी विचारलं.

“तसा मजकूर नाही, मॅडम.”

“माझ्या फोनवरचा बाण लांबच्या वाटेने नेत होता, हे?”

“ते तांत्रिक आहे, मॅडम. पण आपण संमती दिली नाहीत तर परतीची तिकिटं रद्दच राहतील. आपण एका बेटावर आहात.”

“ठाऊक आहे. चारी बाजूंनी पाणी दिसतंय मला. संमती नाही.”

“सरांशी बोलता येईल का?”

भूपालरावांनी तोंडातला घास गिळला आणि फोनकडे वाकून म्हणाले, “माझीही नाही.”

परत येताना त्यांना फार दिवस लागले. चंदनाने आणि तियागोने हातभार लावला. बोटी, बस, आगगाड्या, आणि शेवटी एक अडनिडं विमान. सांगलीत पोचल्यावर वासंतीबाईंनी पहिला आठवडा पाय वर करून काढला आणि दुसऱ्या आठवड्यात ग्राहक न्यायालयात तक्रार दाखल केली. बातमी छापून आली, आणि लोक येऊ लागले. काठीवाले, गुडघे बदललेले, कडेवर मूल असलेल्या बाया. प्रत्येकाचं विमान कधी ना कधी, ते जागचं हलायच्या आधीच चुकलेलं होतं. प्रत्येकाने ‘मान्य’ दाबलेलं होतं.

सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, “आमचा अंदाज शंभरात नव्वदहून जास्त वेळा बरोबर ठरतो.” वासंतीबाई उठून उभ्या राहिल्या. “त्या नव्वदांना इथे बोलवा,” त्या म्हणाल्या, “आणि विचारा, तुमचा बाण त्यांना कुठून घेऊन गेला.” वकिलाने कागद चाळले.

निकाल लागला तो अर्धाच. विमानाचं दार बंद होईपर्यंत कुणाचीही जागा काढून घ्यायची नाही, असा आदेश निघाला. पूर्वछाया मात्र बंद झाली नाही. आणि कंपनी दिल्लीच्या वरच्या न्यायालयात गेली.

त्या संध्याकाळी वासंतीबाईंची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई घरी आल्या. चहा झाल्यावर त्या चाचरत म्हणाल्या, “मावशी, दिल्लीत हे प्रकरण पाचसहा वर्षं सहज खेचतील. तुमचं वय, तुमचा पाय, दर तारखेला तिथवर जायचं... त्यांनी तडजोडीचा प्रस्ताव पुन्हा पाठवलाय. मी आपलं सांगायचं काम केलं.”

भूपालराव बायकोकडे बघत राहिले. वासंतीबाई कपबशा गोळा करत होत्या.

“पहिली तारीख कधीची?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक पुढच्या महिन्यात.”

“कळवा त्यांना,” वासंतीबाई म्हणाल्या, “मी येते म्हणून.”